नेलपॉलिश दोन दिवसांतच निघते? आधी ती नखाच्या कोणत्या जागेवरून सुटली ते पाहावे

घरी निगुतीने लावलेली नेलपॉलिश दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी निघू लागली, की बहुतेक वेळा दोष बाटलीवरच्या नावाला दिला जातो आणि पुढच्या खेपेस अधिक महाग बाटली घरात येते. तिचीही तीच गत झाली, की आपल्या नखांवर नेलपॉलिश टिकतच नाही, असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. साधी, म्हणजे दिव्याखाली न वाळवावी लागणारी नेलपॉलिश स्वस्त असो वा महाग, तिचा पाया सहसा एकच असतो: एथिल अॅसिटेट आणि ब्युटिल अॅसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज, ते नखाला धरून राहावे म्हणून घातलेले रेझिन, पापुद्रा लवचीक राहावा म्हणून घातलेला पदार्थ आणि रंगद्रव्य. द्रावक उडून गेले, की उरलेल्या पदार्थांचा पापुद्रा नखावर बसतो. किमतीनुसार रंगाचा दाटपणा, ब्रशचा आकार आणि चकाकी यांत फरक पडतो हे खरे आहे. परंतु जो दोष पुन्हा पुन्हा येतो, त्याचे कारण बाटलीपेक्षा बाटली उघडण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत आणि बंद केल्यानंतरच्या काही तासांत अधिक वेळा सापडते.

म्हणून रिमूव्हरचा बोळा हातात घेण्याआधी दहाही नखे उजेडात नीट पाहावीत. पॉलिश अख्ख्या पापुद्र्याने निघाली आहे, की टोकाला टवके उडाले आहेत, की मुळाकडून उचलली गेली आहे, हे एकदा कळले, की अर्धे काम झाले; कारण या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

अख्खा पापुद्रा सुटणे

पॉलिशचा मोठा तुकडा, कधी कधी तर पूर्ण नखाएवढा, एका बाजूने उचलून सहज ओढता येतो आणि खालचे नख स्वच्छ, जणू काही लावलेच नव्हते असे दिसते, तेव्हा पॉलिशने नखाला मुळात धरलेलेच नसते. नख आणि पॉलिश यांच्यामध्ये तिसरे काहीतरी राहिलेले असते, आणि ते बहुधा तेल किंवा पाणी असते.

तेलाचे म्हणावे, तर आपल्या घरांत हात तेलापासून दूर असा राहतच नाही. केसांना खोबरेल लावलेले असते, पोळीला तेल लावलेले असते, नारळ खोवलेला असतो, झोपण्यापूर्वी हातांना क्रीम चोळलेली असते. साबणाने हात धुतले म्हणजे हे सगळे गेले असे वाटते, पण नखाच्या दोन्ही कडांना आणि मुळाशी असलेल्या कातडीच्या सांध्यात पुष्कळ काही उरते. आणखी एक फसवे कारण म्हणजे रिमूव्हर. नखे कोरडी पडू नयेत म्हणून कित्येक रिमूव्हरमध्ये तेल, ग्लिसरीन किंवा जीवनसत्त्व ई घातलेले असते. जुना रंग काढायला ते उत्तम, पण त्याने नख पुसून लगेच नवा रंग लावणे म्हणजे तेलाच्या थरावर रंग लावणे होय. हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझरही या कामाला चालत नाही, कारण त्यातही बहुधा ग्लिसरीन असते. औषधाच्या दुकानात मिळणारे साधे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन प्रत्येक नख मुळापासून टोकापर्यंत आणि विशेषतः दोन्ही कडांना पुसावे. त्यानंतर त्या नखांना दुसऱ्या हाताच्या बोटांनीसुद्धा स्पर्श करू नये. ही गोष्ट लिहिताना क्षुल्लक वाटते, पण पुसलेल्या नखावरून अंगठा फिरवून ते गुळगुळीत झाले का हे पाहण्याची सवय जवळपास प्रत्येकाला असते.

पाण्याचे कारण कमी ओळखले जाते. नख वरून टणक दिसत असले, तरी ते केराटिनच्या चपट्या पेशींच्या थरांवर थर रचून बनलेले असते आणि पाणी चटकन शोषून घेते. भांडी घासून किंवा अंघोळ करून बाहेर आल्यावर नख किंचित फुगलेले आणि मऊ झालेले असते. त्याच अवस्थेत रंग लावला, तर तो फुगलेल्या नखावर बसतो. नंतर नख वाळून पूर्ववत आकुंचन पावते, पापुद्रा मात्र त्या प्रमाणात आकसत नाही आणि दोघांमधली पकड सुटू लागते. कोमट पाण्यात बोटे भिजवून मग मॅनिक्युअर करण्याची जी पद्धत पार्लरमधून घरी आली, ती कातडी मऊ करण्यासाठी सोयीची आहे, पण रंग टिकवण्याच्या दृष्टीने उलटी आहे. भिजवायचेच असेल, तर ते आदल्या रात्री करावे. अंघोळीनंतर निदान तासभर तरी रंगाला हात लावू नये, आणि रंग लावल्यानंतरही पहिला दिवस गरम पाण्यातली धुणीभांडी टाळता आली तर पाहावे किंवा रबरी हातमोजे घालावेत.

बेस कोट, म्हणजे रंगाआधी थेट नखावर द्यायचा थर, लावावा की नाही, यावर घरोघरी मतभेद असतात. माझे मत असे, की रंगावर शेवटी द्यायचा टॉप कोट एखाद्या वेळी सोडला तरी चालेल, पण बेस कोट सोडू नये. त्यात नखाला धरून राहणाऱ्या रेझिनचे प्रमाण सहसा अधिक ठेवलेले असते आणि तो लाल, मरून यांसारख्या गडद रंगांना थेट नखावर बसू देत नाही. लाल पॉलिश आठवडाभर ठेवून काढल्यावर नखांवर जो पिवळसर डाग उरतो, तो रंगद्रव्याचा असतो. तो घासून काढण्याच्या नादात नख पातळ होते, म्हणून तो वाढीबरोबर पुढे सरकू देणेच शहाणपणाचे. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते आणि संपूर्ण नवे यायला सहा महिने लागतात, हे लक्षात घेतले, तर डाग पडल्यावर धडपड करण्यापेक्षा तो पडू न देणे किती सोपे आहे ते कळेल.

नख कानशीने वरून घासून खरबरीत केल्यास रंग अधिक धरतो, हा सल्ला अर्धाच खरा आहे. एकदा अगदी हलका हात फिरवला तर फायदा होतो. दर आठवड्याला तेच केले तर नख पातळ होऊन वाकू लागते आणि वाकणाऱ्या नखावर कोणताच पापुद्रा टिकत नाही.

टोकाला उडणारे टवके

दोष फक्त टोकाला आणि तोही ठरावीक बोटांना असेल, तर तो बहुतेक वेळा वापराचा असतो. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांचीच टोके उडाली असतील, तर लसूण सोलणे, शेंगा फोडणे, डब्याचे घट्ट झाकण नखाने उचकटणे, पाकिटावरची चिकटपट्टी खरवडणे, यांपैकी काय केले ते आठवून पाहावे. डावखुऱ्या व्यक्तीला हेच डाव्या हातावर दिसेल. नखाचा हत्यारासारखा वापर थांबला, तर निम्मे टवके थांबतात.

उरलेल्या निम्म्यांचे कारण पापुद्र्यातच आहे. द्रावक उडून जाताना पापुद्रा आकसतो आणि टोकापासून केसभर मागे सरकतो. त्या उघड्या राहिलेल्या रेषेतून पाणी आत शिरते आणि तिथूनच टवका उठतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक थराच्या वेळी ब्रशचे टोक नखाच्या पुढच्या कडेवरून, म्हणजे नखाच्या जाडीवरून, एकदा आडवे ओढावे, जेणेकरून रंग कडेला वळसा घालून बसेल. बेस कोट, रंग आणि टॉप कोट या तिन्ही वेळी हे करावे लागते. फार आखूड कापलेल्या नखांना ते जमत नाही आणि रंग बोटाच्या कातडीवर येतो. अशा वेळी ते सोडून द्यावे, कारण कातडीवर आलेला रंग आणखी एक दोष निर्माण करतो.

तो दोष म्हणजे मुळाकडून किंवा कडेने उचलले जाणे. कातडी हलते, ताणली जाते, तिला घाम येतो. तिच्यावर चढलेली पॉलिश सुटते आणि सुटताना नखावरच्या पॉलिशलाही सोबत उचलते. त्यामुळे मुळाशी आणि कडांना अगदी बारीक रेघ मोकळी सोडावी. चुकून रंग चढलाच, तर तो ओला असतानाच रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या बारीक, सपाट ब्रशने पुसावा. वाळल्यावर नखाने खरवडू नये.

बुडबुडे आणि चादरीचे वण

पंख्याखाली बसून पॉलिश वाळवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि बुडबुड्यांचे तेच एक मोठे कारण आहे. वेगाच्या वाऱ्याने थराचा वरचा भाग लवकर वाळून त्यावर साय धरते, खालचे द्रावक मात्र अजून बाहेर पडायचे असते. ते वर येताना सायीखाली अडकते आणि टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसू लागतात. थर जितका जाड, तितके ते अधिक. म्हणून फिकट दिसतो म्हणून एकच जाड थर देण्याऐवजी दोन किंवा तीन पातळ थर द्यावेत, पहिला थर रेघारेघांचा आणि ओंगळ दिसला तरी तसाच राहू द्यावा, आणि दोन थरांमध्ये काही मिनिटे खरोखर थांबावे. पंखा अगदी हळू ठेवावा किंवा बंद करावा.

वर हात लावून पाहिल्यावर पॉलिश दहा-पंधरा मिनिटांत वाळल्यासारखी वाटते, पण आतून पूर्ण टणक व्हायला कित्येक तास लागतात. रात्री अकराला रंग लावून साडेअकराला झोपले, की सकाळी नखांवर चादरीच्या विणीचा ठसा उमटलेला दिसतो, तो यामुळेच. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवण्याच्या उपायाबद्दल मी साशंक आहे. थंडीने वरचा भाग कडक होतो एवढेच, आतले द्रावक त्यामुळे लवकर बाहेर पडत नाही, उलट गारव्यात ते सावकाशच उडते. रंग संध्याकाळी चहानंतर लावावा आणि रात्रीपर्यंत जड कामे टाळावीत, हा त्यापेक्षा साधा आणि खात्रीचा मार्ग आहे.

बाटली जुनी होऊन रंग तारेसारखा ओढू लागला असेल, तरीही बुडबुडे येतात. अशा वेळी बाटलीत रिमूव्हर ओतण्याचा मोह होतो, पण रिमूव्हरमधले पाणी, तेल आणि अॅसिटोन यांमुळे रंगाची घडण बिघडते. तो एकदा पातळ दिसतो आणि नंतर कधीच नीट वाळत नाही. नेलपॉलिशसाठी म्हणून मिळणाऱ्या थिनरचे दोन-तीन थेंब घालून बाटली तळहातांमध्ये फिरवावी. जोरात हलवू नये. बाटली फ्रीजमध्ये ठेवत असल्यास लावण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, आणि बंद करण्यापूर्वी तोंडावरचा रंग दर वेळी पुसावा, म्हणजे झाकण घट्ट बसेल व द्रावक उडणार नाही.

पावसाळ्यातील दुधी झाक

मुंबई, कोकण आणि गोवा येथे जून ते सप्टेंबर या काळात एक वेगळाच दोष दिसतो: गडद रंग वाळताना त्यावर पांढुरकी, धुक्यासारखी झाक येते आणि चकाकी जाते. याचे कारण लाकूडकामाला लॅकरचा हात देणाऱ्या कारागिरांना चांगले ठाऊक आहे, कारण त्यांचे लॅकरही नायट्रोसेल्युलोजचेच असते आणि पावसाळ्यात तेही असेच पांढरे पडते. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभागातील उष्णता घेऊन जाते, पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर निवते आणि त्या पाण्यामुळे नायट्रोसेल्युलोज द्रावणातून बाहेर पडून पांढरे दिसू लागते. त्यात पंखा जोरात असेल, तर द्रावक आणखी वेगाने उडते आणि झाक वाढते. अशा दिवसांत खिडकीजवळ बसू नये. वातानुकूलन यंत्र असल्यास ते आधी अर्धा तास चालवून खोलीतील दमटपणा कमी करावा, आणि झटपट वाळणाऱ्या पॉलिशऐवजी सावकाश वाळणारी निवडावी. आलेली झाक कधी कधी टॉप कोटच्या एका पातळ थराने निघून जाते, कारण त्यातील द्रावक खालचा पृष्ठभाग पुन्हा किंचित विरघळवते. ती न गेल्यास रंग काढून कोरड्या दिवशी पुन्हा लावण्याशिवाय इलाज नाही.

नक्षीची नखे लवकर का बिघडतात

टिपक्यांची, पट्ट्यांची, ठशांची किंवा पाण्यावरच्या रंगांची नक्षी केली, की बेस कोट, रंगाचे दोन थर, नक्षी आणि टॉप कोट असे पाच थर सहज होतात. वर सांगितलेले सगळे दोष त्यामुळे एकदम उफाळतात. ज्या दिवशी नक्षी काढायची आहे, त्या दिवशी खालचा रंग एका थरात झाकणारा, दाट निवडावा. त्याने निम्मा प्रश्न सुटतो.

टॉप कोट लावताना नक्षी पसरते, ही सर्वांत सार्वत्रिक तक्रार आहे. टॉप कोटमधील द्रावक नक्षीचा रंग पुन्हा विरघळवते आणि ब्रशचे केस तो ओढत नेतात. नक्षी काढून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, ब्रशवर टॉप कोटचा भरपूर थेंब घ्यावा आणि ब्रश नखाला न टेकवता तो थेंबच पुढे सरकवत न्यावा. एकाच जागेवर दुसऱ्यांदा ब्रश फिरवला, की काळी रेघ पांढऱ्या रंगात मिसळलीच म्हणून समजावे. पातळ थरांच्या नियमाला हा एकमेव अपवाद आहे.

टिपक्यांसाठी वेगळे हत्यार लागत नाही. केसांच्या पिनेचे गोल टोक किंवा टूथपिक पुरते, पण प्रत्येक टिपक्यासाठी ते नव्याने रंगात बुडवावे, नाहीतर टिपके लहान होत जातात. चिकटपट्टी लावून पट्टे काढताना खालचा रंग उखडत असेल, तर तो पुरेसा वाळलेला नसतो, किंवा पट्टीचा चिकटपणा जास्त असतो. पट्टी आधी हाताच्या मागच्या बाजूवर दोनदा चिकटवून काढावी आणि मग नखावर लावावी, आणि वरचा रंग ओला असतानाच ती ओढून काढावी. पाण्यावर रंग पसरवून काढायच्या नक्षीत रंग तळाशी जात असेल किंवा पसरतच नसेल, तर पाणी फार थंड आहे किंवा बाटली जुनी आहे असे समजावे. खोलीच्या तापमानाचे गाळलेले पाणी आणि नवी, पातळ पॉलिश यांनीच हे जमते. या प्रकारात नक्षीखाली पाण्याचे थेंब अडकतात, म्हणून बोट पाण्याबाहेर काढल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत टॉप कोट लावू नये.

चमकी असलेली पॉलिश मात्र उलट्या कारणाने त्रास देते. ती निघता निघत नाही. ती खरवडणाऱ्यांच्या नखांचे थर सोबत निघतात. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून त्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळावे आणि पाच-सात मिनिटांनी कापूस दाबून ओढावा. अॅसिटोन झटकन पेट घेते, त्यामुळे हे काम गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरात समई तेवत असताना शेजारी बसून करू नये.

हळदीचा डाग आणि जेल

फिकट रंगावर किंवा नुसत्या टॉप कोटवर वरण-भात कालवल्यानंतर जो पिवळा डाग बसतो, तो साबणाने धुतल्यास क्षणभर तांबूस होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात रंग बदलते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून धुऊन जात नाही, पण उन्हात मात्र फिके पडते. त्यामुळे खिडकीतल्या उन्हात काही वेळ हात ठेवणे हा रंग खरवडण्यापेक्षा बरा उपाय आहे. घरात हळदीचा कार्यक्रम असेल, तर पांढऱ्या टोकांची नखे त्याच्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.

दिव्याखाली वाळवायची जेल पॉलिश घरी करणाऱ्यांच्या तक्रारी निराळ्या असतात आणि तिथे मी अधिक कडक सल्ला देते. थर जाड असल्यास किंवा दिवा त्या पॉलिशसाठी बनलेला नसल्यास जेल आतून कच्चे राहते आणि त्यातील अॅक्रिलेट रसायने कातडीला लागत राहिली, तर अॅलर्जी होऊ शकते. ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे दातांच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या तशाच पदार्थांनाही त्रास देऊ शकते. जेल लावल्यानंतर बोटांना खाज, लाली किंवा बारीक फोड येत असतील, तर दुसऱ्या कंपनीचे जेल आणून पाहू नये, वापरच थांबवावा. एका बाजूने सुटलेले जेल ओढून काढू नये आणि गोंद घालून चिकटवूही नये, कारण त्या फटीत पाणी साचून जंतू वाढतात आणि नख हिरवट दिसू लागते.

कारण अजूनही सापडत नसेल तर

वरच्या साऱ्या गोष्टी एकाच दिवशी बदलल्या, तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कधीच कळणार नाही. त्यापेक्षा डाव्या हाताच्या नखांना अल्कोहोलने पुसून रंग लावावा आणि उजव्या हाताच्या नखांना नेहमीप्रमाणे. पुढच्या वेळी हात बदलावेत, कारण काम करणारा हात मुळातच अधिक झिजतो. बेस कोटची परीक्षा करायची असेल, तर तो एकाआड एक बोटांना लावून पाहावा. कोणत्या बोटाला काय केले, ते कागदावर टिपून ठेवावे. तिसऱ्या दिवशी आठवत नाही.

सर्व बोटांवर पॉलिश टिकते आणि एकाच नखावरून दर वेळी निघते, असे आढळले, तर शंका नखावर घ्यावी. नख टोकाकडून बोटापासून सुटलेले आहे का, त्याचे थर उलगडत आहेत का, ते जाड, पिवळट किंवा खळगे पडल्यासारखे झाले आहे का, हे रंग काढून दिवसाच्या उजेडात पाहावे. अधूनमधून दिसणारे लहान पांढरे ठिपके बहुधा किरकोळ माराचे असतात, कॅल्शियम कमी झाल्याचे नव्हेत, आणि ते वाढीबरोबर निघून जातात. बुरशी, सोरायसिस, लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचे विकार यांची चिन्हे मात्र नखांवर उमटू शकतात आणि त्यांवर रंगाचे थर देत राहिल्याने निदान लांबते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना एकाच नव्हे, तर हातापायांच्या सर्व नखांवरचा रंग काढून जावे, कारण डॉक्टर शंकास्पद नखाची तुलना बाकीच्या नखांशी करून पाहतात.